भिडेचा होकार

सरसम्माने तीस वर्षांत किती डोकी धुतली असतील ते एक देव जाणे. तिची नोकरी काही डोकी धुण्याची नव्हती. त्रिवेंद्रमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, फिट येणाऱ्या माणसांच्या वॉर्डात, ती मेंदूच्या रेघा काढायची. डोक्याला बारीक चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा मशीनला जोडायच्या आणि पडद्यावर धावणाऱ्या रेघांवर डोळा ठेवून बसायचं. पण डोक्याला तेल असलं की चकती धरत नाही, आणि तिथली आई लेकराला तेल थापल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. ‘तीन दिवस तेल लावू नये’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं असे. तरी बाया तेलाने निथळणारी पोरं घेऊन दारात उभ्या.

“चिठ्ठी वाचली नाहीत का?”

“वाचली ना चेची. म्हणून तर थोडंच लावलं.”

“हे थोडं? यात पापड तळून निघतील.”

“मग काय कोरड्या डोक्याने आणू एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात? लोक म्हणतील, आई मेली वाटतं हिची.”

सरसम्मा हसायची, मुगाच्या पिठाचा डबा काढायची आणि धुवायला घ्यायची. सगळं हॉस्पिटल डॉक्टरांना सार, म्हणजे सर, म्हणे आणि तिला चेची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. सत्तर वर्षांचे म्हातारेही चेचीच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

ती बालरामपुरमच्या विणकराची मुलगी. लहानपणी मागावर तुटलेले धागे जोडायला बसायची, म्हणून तारांचा गुंता कितीही झाला तरी तिच्या कपाळाला आठी पडत नसे. दहावीनंतर हॉस्पिटलात झाडूपोछ्याला लागली. जुना टेक्निशियन एकटाच असायचा, त्याला तारा धरायला हाताशी कोणी हवं होतं. तिथून ती शिकत गेली. पुढे तर अशी तयार झाली, की नवे डॉक्टर रेघांपुढे अडले की हळूच तिला विचारत, “चेची, हे काय असेल हो?” आणि ती म्हणे, “सार, हे काही नाही, बाई पान चघळतेय.” बोलणं, चघळणं, डोळे मिचकावणं, सगळ्याचे ओरखडे रेघांवर उठतात. मागाहून वाचणाऱ्याने त्याला फिट समजू नये म्हणून सरसम्मा दर वेळेला खूण करून दोन शब्द लिहायची. ‘बोलणं.’ ‘खोकला.’ ‘आई केस विंचरते.’ बाकीचे टेक्निशियन कधी लिहीत, कधी कंटाळत. तिने कधी कंटाळा केला नाही. कामाला बसताना मनातल्या मनात देवीचं नाव घ्यायची आणि एकदा बसली की उठायची नाही.

नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, तो निवृत्त होऊन घरी बसला. मुलगी मस्कतला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सगळं नीट चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

वॉर्डात काही रुग्ण असे येत, की बाहेरून लावलेल्या चकत्यांनी त्यांचा आजार सापडत नसे. मग कवटीला बारीक भोकं पाडून शेवईसारख्या तारा आत, मेंदूतच सोडायच्या. डोक्याला फेट्यासारखं बँडेज. गोळ्या हळूहळू कमी करायच्या आणि फिट येण्याची वाट पाहायची. तीन-चार फिट नीट टिपल्या गेल्या की आग कुठून लागते ते कळतं, तारा काढतात, पुढे तेवढा भाग कापून टाकायचा की नाही ते ठरतं. हे दहा-बारा दिवस मोठे कठीण. माणूस खाटेला बांधल्यासारखा, आणि सगळे त्याला फिट कधी येते म्हणून टपून बसलेले.

याच दिवसांत डॉक्टर ईपन आपला खेळ घेऊन यायचा. ईपन पस्तिशीचा, शिकून नुकताच परत आलेला, मनाने चांगला. माणसाच्या मनात काही ठरतं त्याच्या आधी मेंदूत कुठली भावना हलते, ते त्याला शोधायचं होतं. जिवंत माणसाच्या डोक्यात आतवर तारा सोडायला एरवी कोण देणार? ज्यांच्या डोक्यात त्या आजारासाठी आधीच आहेत, त्यांनाच तो विचारी. लॅपटॉपवर दोन दारं दिसत. एकामागे थोडं पण हमखास. दुसऱ्यामागे कधी घबाड, कधी सगळं गेलं. मधेच चेहरे चमकत, हसरे, रागावलेले, भेदरलेले. रुग्णाने फक्त बटण दाबायचं. अशा चार बैठका. रुग्णाला यातून काही मिळत नसे, आणि तसं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. वाटलं तर खेळा, नाही तर नको म्हणा.

ईपनने आपल्या पहिल्या छापील लेखाच्या शेवटी, आभार मानलेल्या लोकांत सरसम्माचं नाव घातलं होतं. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण आपलं नाव तिने बोट ठेवून वाचलं. घरी नेऊन नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “तीस वर्षांत मोठ्या मोठ्या सारांना सुचलं नाही, या पोराला सुचलं.” तो कागद तिने कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला.

तिकडच्या कुंभ महिन्यात, आपल्या माघ-फाल्गुनात, अंबिळी आली. कुंडरा गावची, तेवीस वर्षांची. आई ओमना काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला जायची, टरफलातल्या तेलाने तिची बोटं कोळशासारखी झाली होती. बाप केव्हाच निघून गेला होता. अंबिळी बी. ए. झालेली, सरकारी नोकरीच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक उशाशी घेऊनच भरती झाली. येईल त्याला प्रश्न विचारायची. इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सला म्हणायची, “आधी सांगा, राज्यातली सगळ्यात लांब नदी कोणती? नाही आली तर सुई परत.”

नवव्या वर्षापासून तिला फिट येत. रस्ता एकटीने ओलांडता येत नाही, विहिरीवर जायचं नाही, चुलीशी बसायचं नाही. तिची फिट सुरू व्हायची ती भीतीने. पोटातून काहीतरी वर चढायचं, छातीत भरायचं, आणि मग ती कुठेतरी हरवून जायची, हात-पाय आखडायचे.

“कसली भीती गं?” सरसम्माने विचारलं होतं.

“कसलीच नाही चेची. समोर काहीच नसतं. पण वाटतं, आता संपलं सगळं. त्यामुळे काय झालंय माहीत आहे का? खरी भीती कुठली आणि आजाराची कुठली, ते मला ओळखूच येत नाही. कॉलेजात एकदा साप निघाला. सगळ्या पोरी पळाल्या. मी आपली पोटावर हात ठेवून बाकावर बसून राहिले, फिट येतेय म्हणून.”

हे सांगताना ती स्वतःच इतकी हसली, की बँडेज सरकेल म्हणून सरसम्माला तिचं डोकं धरावं लागलं.

ईपन या मुलीवर खूश होता. हिच्या तारा नेमक्या त्या जागी होत्या, कानाच्या आत, बदामाएवढी जी जागा भीती उठवते तिथे. अंबिळीने कागदावर सही केली आणि त्याला विचारलं, “म्हणजे सार, मी कुठलं दार दाबणार ते माझ्या आधी तुमच्या मशीनला कळणार?”

“तसंच काहीसं.”

“मग परीक्षेला माझ्याऐवजी त्यालाच बसवा की.”

नवव्या दिवसापर्यंत तीन फिट आल्या. तिन्ही स्वच्छ टिपल्या गेल्या, सरसम्मानेच त्यांवर खुणा केल्या. मंगळवारी सकाळच्या फेरीत वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर, मोठे सार, म्हणाले, “पुरे झालं. आजपासून गोळ्या पूर्ण सुरू करा. उद्या तारा काढू.” सरसम्मा पलंगाशीच उभी होती, तिने कानांनी ऐकलं.

तासाभराने ईपन तिला चहाच्या टपरीशी गाठून म्हणाला, “चेची, एक काम आहे. अंबिळीची चौथी बैठक राहिलीय. काल डोकं दुखत होतं तिचं. गोळ्या पूर्ण सुरू केल्या की मेंदू झोपाळतो, मग उपयोग नाही. चौथी नसेल तर पहिल्या तीनही फुकट.”

“मग?”

“गोळ्या उद्या दुपारपासून देऊ. तारा परवा काढू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मोठ्या सारांना मी सांगतो, आणखी एक फिट मिळाली तर बरं म्हणून.”

“तिला विचारलंत?”

ईपन कपाकडे बघत राहिला. “मी विचारलं तर ती आईकडे बघेल. आई नाहीच म्हणणार. तुम्ही विचारा ना. तुमचं ऐकते ती.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. सरसम्माला तिथल्या तिथे वाटलं, की हे बरं नाही. पण हा मुलगा आपल्याला मान देतो, आजवर त्याने कधी काही मागितलं नाही, आणि एकच दिवस. कित्येक रुग्ण तर तीन-तीन आठवडे राहिले होते. तिने मान हलवली. इथेच सगळं झालं, असं ती पुढे म्हणत असे. अंबिळीच्या खोलीत तर ती नुसती चालत गेली.

ओमना कँटीनमधून कांजी, भाताची पेज, आणायला गेली होती. मुलगी पुस्तकात डोकं घालून बसलेली. मशीन नेहमीप्रमाणे चालूच होतं.

“पोरी, एक विचारू? ईपन सारांचा तो खेळ एकदाच राहिलाय. एक दिवस अजून थांबशील?”

“आणि गोळ्या?”

“त्या उद्या दुपारपासून.”

“म्हणजे आज परत फिट येऊ शकते.”

“येऊ शकते. मी आहे ना.”

अंबिळीने पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला, उलगडला. मग एकदम पोटावर हात ठेवून म्हणाली, “चेची, येतंय वाटतं.”

सरसम्माने झटकन पडद्याकडे पाहिलं. सगळ्या रेघा शांत होत्या. ज्या जागेतून तिची फिट उठायची तिथल्या तारा तर अगदी स्वच्छ. थोडा वेळ वाट पाहून ती म्हणाली, “काही नाही गं. फिट नाहीये ही. बघ, रेघा साफ आहेत.”

“नक्की?”

“तीस वर्षं काय भाजी चिरतेय का मी?”

मुलगी हसली. “मग ठीक. तुम्ही म्हणताय तर थांबते, चेची.”

ईपनने आणलेल्या नव्या कागदावर तिने सही केली. सरसम्माने सवयीने रेघांवर खूण केली आणि लिहिलं, ‘अकरा बेचाळीस. बोलणं. पोटात भीती म्हणते. फिट नाही.’

बुधवारी सकाळी चौथी बैठक झाली. ईपनने अंबिळीला कॅडबरी दिली. ती म्हणाली, “घबाडाच्या दारामागे हेच होतं होय?” जेवणाआधी, गोळ्या यायच्या आत, फिट आली. दोन मिनिटांत थांबली. अंबिळी शुद्धीवर येते न येते तोच दुसरी. मग तिसरी, आणि मधे शुद्ध नाहीच. ओमनाने घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मुलीच्या मुठीत कोंबू लागली. फिट आली की हातात लोखंड द्यायचं हे तिथल्या घराघरात चालतं. इतकी वर्षं सरसम्मा बायांच्या हातांतून किल्ल्या काढून घेत आली होती, ‘याने काही होत नाही बाई, जखम होईल’ असं समजावत आली होती. त्या दिवशी तिने ओमनाचा हात धरला नाही. उलट मनात म्हणाली, होऊ दे, याने तरी होऊ दे.

इंजेक्शनं झाली. अतिदक्षतेत नेलं, नळी घातली, औषधाने झोपवून ठेवलं. औषध कमी केलं की पडद्यावर पुन्हा तेच वादळ. सहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, अंबिळी गेली.

मोठे सार म्हणाले, हे असं कधीही होऊ शकलं असतं, मंगळवारीसुद्धा, गोळ्या चालू असतानासुद्धा. ते खोटं बोलत नव्हते. होऊ शकलं असतं. पण सरसम्माला त्या वाक्याने दिलासा मिळाला नाही.

आठ दिवसांनी आट्टुकालच्या देवीचा पोंगल होता, त्या दिवशी गावभरच्या बाया रस्त्यावर चुली मांडून देवीसाठी गोड भात शिजवतात. दर वर्षीप्रमाणे तिने रस्त्याच्या कडेला तीन विटा मांडल्या, मातीचं मडकं चढवलं. शेजारच्या बायांनी तिला जागा करून दिली. आधण उतू गेलं, ते शुभ मानतात तसं पूर्वेलाच गेलं, बायांनी तोंडाने मंगल गजर केला. तिने हात जोडले आणि तिला देवीजवळ काही मागता येईना. धुराने डोळे चुरचुरतात असं म्हणून ती बसून राहिली.

हॉस्पिटलने चौकशी समिती नेमली. सरसम्मालाही बोलावणं आलं. आदल्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने अंबिळीचं रेकॉर्ड उघडलं. मंगळवार, अकरा बेचाळीस. स्वतःच्या हाताने लिहिलेले शब्द समोर आले. तिने ते तीनदा मागे-पुढे केलं. बोलण्याचे ओरखडे दिसत होते, ‘मी आहे ना’ कुठे असेल तेही अंदाजाने कळत होतं. त्यानंतर बोलणं थांबलेलं. मग पोटावर हात. मग काही नाही.

ईपन दारात उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाच्या बाह्या एक वर एक खाली.

“कशाला बघताय, चेची?”

“सार, बसा जरा. तुम्ही यातलं शिकलात. मला सांगा, इथे ती घाबरली होती का?”

तो बसला. बराच वेळ पाहत राहिला, त्या बदामाएवढ्या जागेच्या तारा मोठ्या करून पाहिल्या. “एका वेळेवरून नाही सांगता येत. शंभर वेळा तेच घडलं, की सगळ्यांच्या सरासरीतून दिसतं.”

“तिला मी एकदाच विचारलं होतं.”

तिने पडद्यावर बोट ठेवलं.

“बरं, एवढं तरी सांगा. यात फिट आहे? अगदी बारीक, मला न दिसलेली?”

त्याने एकेक तार पुन्हा पाहिली. मनापासून पाहिली, कारण फिट सापडली असती तर त्यालाही बरंच वाटलं असतं. शेवटी म्हणाला, “नाही. फिट नाही.”

“मग पोटात जे आलं ते आजाराचं नव्हतं. ती भीती तिची स्वतःची होती, सार. तिला ओळखता येत नव्हती, म्हणून तिने मला विचारलं. आणि मी सांगितलं, काही नाही.”

ईपनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. असाच बसून तो म्हणाला, “मी समितीला लिहून दिलंय, की मंगळवारच्या आधीची तिसरी फिट स्पष्ट नव्हती, म्हणून आणखी एक हवी होती. तिच्यावरची तुमची खूण त्यांच्यातलं कोणी तपासणार नाही.”

“ती स्पष्ट होती.”

“मला माहीत आहे.”

“माझ्या खुणा मी पुसणार नाही. तुम्ही माझं नाव छापलंत तेव्हा मी घरी पेढे वाटले होते. तुमचं वाईट व्हावं असं माझ्या मनात येणार नाही. पण विचारलं तर मी सांगेन.”

त्यांनी विचारलं. पाच जण बसले होते, मधे कुणी निवृत्त न्यायाधीश. त्यांनी कागद पुढे सरकवला. “रुग्ण सज्ञान होती. ही सही तिचीच?”

“तिचीच.”

“स्वखुशीने केली?”

“माझ्या भिडेने केली, सार. आणि मी ईपन सारांच्या भिडेने विचारलं. त्यांनी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून तर मला पाठवलं.”

“तुम्ही तिला काही खोटं सांगितलंत?”

“नाही. फिट येऊ शकते म्हणून सांगितलं. मग ‘मी आहे ना’ म्हटलं.”

टिपून घेणारा थांबला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. “बाई, असल्या गोष्टीचं आम्ही काय लिहायचं? दडपण आणलं असं लिहू?”

“दडपण नाही आणलं. आणलं असतं तर ती तरी सावध झाली असती.”

गोळ्या एक दिवस का थांबवल्या, तिसरी फिट कशी होती, मोठे सार फेरीत काय म्हणाले होते, सगळं तिने सांगितलं. पुढे ईपनचा अभ्यास बंद झाला, त्याला नोकरी सोडावी लागली. सरसम्माला शिक्षा अशी काही झाली नाही. तिला फायलींच्या खोलीत बसवलं, एवढंच. वॉर्डातले काही जण तिच्याशी बोलेनासे झाले. “दोन वर्षं तोंड मिटून काढता आली नाहीत हिला,” असं तिच्या पाठीमागे म्हणत, आणि तिला ऐकू येईल इतपत म्हणत. नवराही एकदा जेवताना बोलला, “त्या पोराचं आयुष्य गेलं गं.” ती म्हणाली, “हो.” तिने ताट पुढे सारलं नाही की रडली नाही. भात कालवत राहिली.

चौकशीचा कागद ओमनाच्या घरी गेला असेल, पण तिला इंग्रजी कुठे येत होतं? एका रविवारी सरसम्मा पॅसेंजरने कुंडऱ्याला गेली. विचारत विचारत घर सापडलं. ओमना ओट्यावर केरसुणीसाठी माडाच्या पातीचे हीर सोलत होती. तिला पाहताच ओमना लगबगीने उठली, हात धरून आत नेलं.

“या चेची, या. तुम्ही आलात. हॉस्पिटलातलं कोणी इतक्या लांब येतं का? पण तुमचा जीवच होता तिच्यावर.” तिने चहा ठेवला, फणसाचे गरे कापून ताटलीत मांडले. “शेवटी तिच्याजवळ तुमच्यासारखं माणूस होतं, त्याचंच मला समाधान. नाही तर परक्या ठिकाणी, परक्या माणसांत…”

“ओमना, खाली बस. मला तुला काही सांगायचंय.”

सरसम्माने सांगितलं. घाई न करता, काही मागे न ठेवता. मोठे सार काय म्हणाले, चहाच्या टपरीशी काय ठरलं, खोलीत काय बोलणं झालं. मुलगी पोटावर हात ठेवून काय म्हणाली आणि आपण काय उत्तर दिलं. ओमना ऐकत होती. काळी बोटं मांडीवर उताणी पडली होती. बाहेर कोणाची तरी कोंबडी ओट्यावर चढली, तिने ती हाकलली नाही.

“ती घाबरली होती,” सरसम्मा म्हणाली. “मला वाटलं, आजार. मशीन म्हणालं, आजार नाही. मी तिथेच थांबले. त्याच्यापुढे विचार केला नाही.”

ओमनाने विचारलं, “तेव्हा मी कुठे होते?”

“कांजी आणायला गेली होतीस.”

“मला का नाही विचारलं?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते.” ओमनाने मान हलवली. मग तिला काहीतरी आठवलं तसं तिच्या कपाळावर एक रेघ उमटली. “मी कांजी घेऊन आले तेव्हा तुम्ही खोलीतच होतात.”

“हो.”

“तुम्ही मला म्हणालात, ओमना, तोंड किती उतरलंय तुझं, आधी तू खाऊन घे. पोरीजवळ मी बसते.”

“हो. म्हणाले.”

“आणि मी खाल्लं. बाहेर बाकावर बसून पोटभर खाल्लं.” ओमना तिच्याकडे पाहत होती. तिचा आवाज चढला नव्हता. “नऊ दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती चेची, कारण तुम्ही आत होतात.”

चुलीवरचा चहा उतू जाऊन विस्तवावर चर्र झाला. दोघींपैकी कोणी उठलं नाही. मग ओमनाने फणसाची ताटली उचलली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत बाहेर आली नाही. सरसम्मा थोडा वेळ बसली. तिने चपला घातल्या, अंगण ओलांडलं. फाटकापर्यंत सोडायला कोणी आलं नाही, आणि ते तिला योग्यच वाटलं.